महमूद गवानाची मोहोर

दोन राष्ट्रांमधील बोलणी आता संगणकाच्या पडद्यावरही होतात. मालदीव आणि स्वीडन यांनी २००७ साली ‘सेकंड लाइफ’ या संगणकीय जगात आपापले दूतावास उघडले. अमेरिकेचे इराणशी राजनैतिक संबंध १९८० पासून तुटलेले. तिने २०११ मध्ये तेहरानसाठी असाच जागेविना दूतावास संकेतस्थळावर उभारला आणि इराणने तो तत्काळ अडविला. साधन नवे खरे, परंतु दूर राहून अक्षरांनी राज्याची बाजू मांडण्याची विद्या बीदरला पाचशे वर्षांपूर्वीच अवगत होती.

बहमनींची राजधानी गुलबर्ग्याहून, म्हणजे आजच्या कलबुर्गीहून, बीदरला आल्यानंतरच्या काळात गीलानचा महमूद गवान येथे वजीरपदास पोहोचला. तुर्कस्तानचा सुलतान, माळव्याचे व गुजरातचे राज्यकर्ते, हेरातचा कवी जामी अशांना त्याने लिहिलेली फारसी पत्रे ‘रियाझ-उल-इन्शा’त संगृहीत आहेत. पत्रलेखनाच्या शास्त्रावर त्याने स्वतंत्र ग्रंथही रचला. उत्तर यावयास महिने लागत. तोवर परक्या दरबारात त्या कागदावरची मोहोर हाच बीदरचा शब्द असे.

त्याच मोहोरेने घात केला. इतिहासकार फरिश्ता सांगतो त्याप्रमाणे, विरोधकांनी मोहोरदारास वश करून कोऱ्या कागदावर ठसा उठवून घेतला आणि त्यावर ओरिसाच्या राजास स्वारीचे आमंत्रण लिहिले. तिसऱ्या मुहम्मदशहाने पत्र पुढे ठेवताच गवानाने मोहोर आपली असल्याचे मान्य केले, मजकूर मात्र नाकारला. चौकशी झालीच नाही. ५ एप्रिल १४८१ रोजी वृद्ध वजिराचा शिरच्छेद झाला.

आजची अंकीय स्वाक्षरी मजकुरातूनच गणिताने सिद्ध होते. एक अक्षर बदलले तरी ती जुळत नाही. कोऱ्या कागदावर ती उठविताच येत नाही. बीदरचा तो डाव तिच्यापुढे फसला असता. अर्थात तिची गुप्त किल्ली चोरीस गेली, तर मात्र मोहोरदाराचीच गोष्ट पुन्हा घडणार!

सुलतानही पुढच्याच वर्षी वारला आणि सुभेदार एकामागून एक स्वतंत्र झाले. गवानाने १४७२ मध्ये पूर्ण केलेल्या मदरशाचा एक मिनार बीदरमध्ये अजून उभा आहे.