चाई आणि ‘कुळातील दोष’



मंडळाच्या वधूवर-सूचक कार्यात गतवर्षी आमच्या हातून एक ठरत आलेला विवाह निसटला. कन्येच्या मस्तकावर रुपयाएवढी चाई वरपक्षाच्या दृष्टीस पडली आणि ‘कुळात दोष दिसतो’ असा निरोप आला. त्या दोषाविषयीच आज चार शब्द बोलण्याची आम्ही अनुज्ञा घेतो.

चाई किड्यामुळे पडत नाही. ती सांसर्गिकही नव्हे. शरीराचे रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशीच केसांच्या मुळांना शत्रू समजून त्यांवर चाल करतात. मुळे मरत नाहीत, म्हणून केस पुष्कळदा परत येतात. (आमचे टक्कल निराळे, त्यास कोणी कुळाचा दोष म्हटले नाही!)

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील विदुषी अँजेला क्रिस्तियानो यांना स्वतःला ही व्याधी जडली होती. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली १,०५४ रुग्णांची जनुके इतर ३,२७८ व्यक्तींच्या जनुकांशी ताडून पाहिली. भेद आढळले ते मुख्यतः संरक्षणव्यवस्थेच्या जनुकांत. परंतु असे भेद घेऊन जन्मलेली बहुसंख्य माणसे आयुष्यभर भरघोस केस मिरवितात. एकरूप जुळ्यांतही एकास चाई पडते, दुसऱ्यास नाही. शंभरांत सुमारे दोघांस ती कधी ना कधी होतेच. या मंडपात पाचशे माणसे असतील, तर दहा झाली. मग निर्दोष कुळ कोणते?

त्या मुलीचे केस दिवाळीपूर्वीच परत आले. वडिलांनी तिचे नाव आमच्या वहीतून काढून घेतले आहे. ते पुन्हा नोंदवावे, अशी त्यांस आमची नम्र विनंती आहे.