भंगारातले तीन पात्यांचे चिन्ह



नांदेडचा देगलूर नाका असो की लातूरची गंजगोलाई, भंगारावर घर चालवणारी माणसे आपल्या ओळखीत असतात. त्यांच्या हाती येऊ शकणाऱ्या एका छोट्या वस्तूबद्दल आज बोलायचे आहे. हॉटेलच्या, ऑफिसच्या छताला लावलेली गोल पांढरी डबी, म्हणजे स्मोक डिटेक्टर. परदेशात ती घरोघरी असते. आपल्याकडे इमारतीचे नूतनीकरण झाले की ती भंगारात येऊ शकते.

काही डब्या नुसत्या प्रकाशावर चालतात. पण आयनीकरणाच्या प्रकारात अमेरिशियम-२४१ हा किरणोत्सारी धातू असतो. घरगुती डबीत तो ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी असतो. त्यातून निघणारे अल्फा कण साध्या कागदानेही अडतात. म्हणून शाबूत डबीची भीती नाही. मात्र ती फोडली, आतली चकती खरवडली किंवा जाळली, तर त्याची धूळ श्वासातून शरीरात जाऊन हाडांत आणि यकृतात साठू शकते. हा धातू निम्मा व्हायला ४३२ वर्षे लागतात. चकतीवर सोन्याचा थर असतो हे खरे, पण त्यापायी जीव धोक्यात घालावा इतके त्यात काहीच नाही.

एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत काय झाले ते आठवा. दिल्ली विद्यापीठाने लिलावात विकलेल्या जुन्या यंत्रात कोबाल्ट-६० होते. तो स्रोत कितीतरी पटींनी तीव्र होता. भंगारवाल्यांनी यंत्र उघडले. अनेक जण आजारी पडले, एका कामगाराचा जीव गेला. आत काय आहे, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

चूक विकणाऱ्याची, किंमत मोजली फोडणाऱ्याने. हेच आपल्याला बदलायचे आहे. डबीच्या मागची चिठ्ठी इंग्रजीत असते. तुम्ही ती वाचू शकता, भंगाराच्या दुकानातले चाचा कदाचित वाचू शकत नाहीत. पंख्याच्या तीन पात्यांसारखे चिन्ह किंवा अमेरिशियम हे नाव दिसले, तर डबी न फोडता वेगळी ठेवायला सांगा. ज्या संस्थेकडून माल आला, तिला ती परत घ्यायला लावा. संस्था ऐकत नसेल, तर मुंबईच्या अणुशक्तीनगरमधल्या अणुऊर्जा नियामक मंडळाला लेखी कळवा.

आपल्या शिक्षणाचा एवढा उपयोग तरी मोहल्ल्याला व्हायलाच हवा.