नोटेचा ठावठिकाणा

माझे अब्बा एसटीत कंडक्टर होते. आमच्या गावाला मुक्कामाची गाडी असे. तिच्यावर ड्यूटी लागली की ते रात्री घरी येत आणि चटईवर बसून हिशेब करत. चुरगळलेल्या नोटा सरळ करून देण्याचं काम माझ्याकडे. ओलसर, खारट वासाची नोट हाताला लागली की अब्बा म्हणत, ‘ही बंदरावरची.’ तंबाखूचा वास आला की ‘ही घाटावरून उतरलेली.’ त्यांचे अंदाज किती खरे होते, अल्ला जाणे. पण नोटसुद्धा प्रवास करते हे मला त्या चटईवर समजलं.

१९८१ सालची गोष्ट. मी चौथीत होतो. दोन रुपयांच्या एका नोटेवर शाईने लिहिलेलं होतं, ‘विलास, आई फार आजारी आहे. असशील तिथून घरी ये.’ ना आडनाव, ना गाव. अब्बांनी खिशातले दोन रुपये बॅगेत टाकले आणि ती नोट बाजूला ठेवली. दुसऱ्या दिवशी मुंबईच्या गाडीवरच्या कंडक्टरला ती देऊन म्हणाले, ‘तिकडे कुणालातरी सुट्ट्यात दे.’ अम्मी हसली. म्हणाली, ‘मुंबईत विलास काय एकच आहे?’ अब्बा म्हणाले, ‘म्हणून काय इथेच ठेवायची?’

ही आठवण वर आली ती न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या भाच्यामुळे. तिथल्या लॉन्ड्रीत त्याला सुट्ट्यात एक डॉलरची नोट मिळाली. तिच्यावर रबरी शिक्का होता, ‘मी कुठे आहे ते कळवा’ अशा अर्थाचा. मला फोन करून म्हणाला, ‘मामू, इथे लोक नोटांचा माग काढतात!’

चौकशी केली तेव्हा कळलं की हा छंद चांगला जुना आहे. डिसेंबर १९९८मध्ये अमेरिकेतल्या हँक एस्किन यांनी ‘व्हेअर इज जॉर्ज’ नावाचं संकेतस्थळ सुरू केलं. जॉर्ज म्हणजे एक डॉलरच्या नोटेवरचे जॉर्ज वॉशिंग्टन. आपल्या हातातल्या नोटेचा क्रमांक, तिच्या छपाईमालिकेचं साल आणि आपला पिनकोड तिथे नोंदवायचा, आणि नोट नेहमीसारखी खर्च करून टाकायची. पुढे कुणा अनोळखी माणसाने तोच क्रमांक नोंदवला, की ती कुठून कुठे गेली आणि किती दिवसांत गेली ते दोघांनाही कळतं. युरोपात १ जानेवारी २००२ रोजी युरोच्या नोटा लोकांच्या हातात पडल्या आणि त्याच दिवशी ‘युरोबिलट्रॅकर’ सुरू झालं. बक्षीस नाही, कमाई नाही. बहुतेक नोटा तर पुन्हा कधीच दिसत नाहीत. तरी माणसं संध्याकाळी बसून आकडे भरतात.

याला कुणी रिकामटेकडा उद्योग म्हणेल. पण डर्क ब्रॉकमन या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाला अमेरिकेतल्या एका सुतार मित्राकडून हा खेळ कळला आणि त्याला वेगळंच सुचलं. नोट काही आपल्या पायांनी चालत नाही, तिला माणूस नेतो. म्हणजे नोटेचा प्रवास हा माणसांच्या प्रवासाचा नकाशा. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ४,६४,६७० नोटांच्या दहा लाखांहून अधिक नोंदी तपासल्या आणि २००६ साली ‘नेचर’मध्ये निष्कर्ष मांडले. बऱ्याचशा नोटा पहिल्या जागेच्या आसपासच घुटमळत होत्या; थोड्या मात्र एका उडीत शेकडो किलोमीटर पार करत होत्या. साथीचा रोगही माणसांबरोबरच फिरतो. तो कसा पसरेल याचा अंदाज बांधायला हे गणित उपयोगी पडणार होतं. २०२०मध्ये आपण घरात कोंडून बसलो, तेव्हा लांबची एक उडी काय करू शकते हे सगळ्यांनीच पाहिलं.

आता चहाच्या टपरीवरही मी फोन पुढे धरून पैसे देतो. त्याचीही नोंद होते. कुणी, कुणाला, किती वाजता, सगळी. पण ती माझी नोंद असते, पैशाची नव्हे. छंदवाले नोटेच्या मागे जातात. ती कुणाच्या खिशातून आली हे विचारत नाहीत. ज्याला वाटेल त्याने कळवावं, नाही वाटलं तर नोट खर्चून मोकळं व्हावं. मला हा सभ्यपणा आवडतो.

आपल्याकडे नोटांवर लिहू नका, असं रिझर्व्ह बँक सांगते, आणि ते योग्यच आहे. नोट खराब होते. तरीही लिहिलेली नोट हातात आली की मी ती आधी वाचतो, मग खिशात ठेवतो. बहुतेकदा कुणाचा तरी हिशेब असतो, कधी बदामात कोरलेली दोन अक्षरं.

अब्बा २००९मध्ये गेले. शेवटच्या आजारात एकदा मी त्यांना त्या दोन रुपयांच्या नोटेबद्दल विचारलं. त्यांना बाकीचं फारसं आठवत नव्हतं, नोट मात्र आठवत होती. म्हणाले, ‘पोचली असेल रे.’ नोटेचं मला ठाऊक नाही. पण विलास वेळेवर घरी पोचला का, एवढं कळायला हवं होतं.