दिवस कसा गेला?



"दिवस कसा गेला ते कळलेच नाही!" हे वाक्य आपण किती सहज बोलून जातो. कामात बुडालेला मनुष्य ते अभिमानाने बोलतो, रिकामा मनुष्य खेदाने. पण अर्थ एकच. हाती आलेला दिवस निघून गेला आणि तो जात असताना आपण तेथे नव्हतो. दिवस घालवणे, दिवस ढकलणे, दिवस काढणे हे शब्दप्रयोग आपल्या रोजच्या बोलण्यातले. दिवस सार्थकी लावणे हा शब्दप्रयोगही आहे. परंतु तो आपण बहुधा एखाद्या मोठ्या प्रसंगासाठी राखून ठेवतो.

साधा, रोजचा दिवस सार्थकी कसा लागतो, याचे उदाहरण आपल्या माळव्यातच आहे. अहिल्याबाई होळकरांनी १७६७ पासून १७९५ पर्यंत महेश्वरी राहून राज्यकारभार केला. त्यांच्या पश्चात सर जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने जुन्या माणसांकडून माहिती मिळवून त्यांची दिनचर्या लिहून ठेवली. ती त्याच्या १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात वाचावयास मिळते.

उजाडण्यापूर्वी तासभर बाई उठत. प्रार्थना व नित्यकर्मे आटोपली की ठराविक वेळ पोथीश्रवण. मग दानधर्म, ब्राह्मणभोजन आणि त्यानंतर स्वतःचे साधे शाकाहारी जेवण. पुन्हा प्रार्थना आणि थोडी विश्रांती. दुपारी दोनच्या सुमारास दरबार भरे, तो सायंकाळी सहापर्यंत. सायंकाळी पूजा व अल्पाहार; रात्री नऊपासून अकरापर्यंत पुन्हा कारभार. उपास, सण आणि राज्यावरील संकट एवढ्यानेच काय तो या क्रमात फरक पडे.

या दिनक्रमात धावपळ नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे. जेवणाला वेळ आहे, श्रवणाला आहे, विसाव्यालाही आहे. दिवसाचे सोने करणे म्हणजे त्यात अधिकाधिक कामे कोंबणे, असा आपला समज असतो. येथे प्रत्येक कामाला त्याची जागा आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. बाई फिर्यादी स्वतः ऐकत, आणि क्षुल्लक तंट्याचा तपासही न कंटाळता करीत, असे माल्कम सांगतो. विचार करा. बाईंच्या दृष्टीने ती त्या दिवसाची कितवी तरी फिर्याद असेल. परंतु फिर्यादीच्या दृष्टीने तीच एक होती. बाईंनी ती अर्ध्या कानाने ऐकली असती, तर दरबार भरल्यासारखा दिसला असता आणि तो मनुष्य मात्र रित्या हाताने परतला असता. सावधपणे जगणे ही केवळ आपल्या मनःशांतीची बाब नव्हे. आपले लक्ष हे समोरच्या माणसाचे देणे असते.

हे सारे सुखाच्या दिवसांत साधले, असे कोणी म्हणू नये. पती खंडेराव १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पडले. १७६६ साली सासरे मल्हारराव गेले, पाठोपाठ पुत्र मालेराव. पुढे १७९१ साली जावई वारले आणि कन्या मुक्ताबाई सती गेली. बाईंनी तिला परोपरीने विनवले, ती ऐकेना. त्यानंतर तीन दिवस बाईंनी जवळजवळ काहीच अन्न घेतले नाही, की कोणाशी शब्द बोलल्या नाहीत. ते तीन दिवस दुःखाचे होते आणि बाईंनी ते दुःखाला दिले. त्यानंतर, आयुष्याच्या अखेरपर्यंत, राज्याचा भार पुन्हा त्यांच्याच शिरावर होता.

आपल्याकडे दौलत नाही. पण लहानसा दरबार प्रत्येकाचा भरतो. शाळेतून आलेले मूल काही सांगू पाहते. वृद्ध वडील तीच आठवण पुन्हा काढतात. कचेरीत कोणी कागद घेऊन उभा असतो. आपण "हूं, हूं" म्हणतो आणि डोळे मात्र हातातल्या वर्तमानपत्रात किंवा फोनमध्ये असतात. त्यांचा दिवस आपण असा नकळत वाया घालवतो आणि आपलाही.

तेव्हा आज रात्री दिवा मालवण्यापूर्वी एवढेच आठवून पाहावे : आज माझ्यासमोर कोण कोण आले, आणि त्या वेळी मी खरोखर त्यांच्यासमोर होतो का? उत्तर मनासारखे आले नाही, तरी खंत करीत जागू नये. सकाळी दरबार पुन्हा भरावयाचा आहे.