अपस्मारसेवेतील तरुणांना सोबत हवी
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत केलेले भाषण)



दरवर्षी या सभेत आम्ही खाटांचा, यंत्रांचा आणि खर्चाचा हिशेब आपल्यापुढे ठेवतो. आज मात्र जमाखर्चात न दिसणाऱ्या एका उणिवेविषयी बोलण्याची अनुज्ञा हवी आहे. अपस्मार, म्हणजे आपण ज्याला फिट किंवा मिरगी म्हणतो, त्या आजाराच्या सेवेत नव्याने पाऊल ठेवणारे तरुण एकाकी आहेत, ही ती उणीव.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे. योग्य निदान व औषधोपचार मिळाल्यास त्यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांविना जगू शकतात. मात्र हे एका चिठ्ठीने साधत नाही. ईईजीचा आलेख काढणारा तंत्रज्ञ, तो वाचणारा निवासी डॉक्टर, गोळी चुकवू नका म्हणून समजावणारी परिचारिका, शाळेशी व सासरशी बोलणारा समाजसेवा अधीक्षक, मनाची उभारी टिकवणारा मानसतज्ज्ञ अशी ही साखळी आहे. तिची एक कडी निसटली की गडचिरोलीहून वा बालाघाटहून रात्रभर प्रवास करून आलेला रुग्ण रिकाम्या हाती परततो.

येथे आमचीच एक चूक सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. एक विद्यार्थिनी प्रार्थनेला उभी असताना भोवळ येऊन पडत असे. तिच्या आलेखातील एक निरुपद्रवी लहर आमच्या तरुण सहकाऱ्याला दोषाची वाटली आणि ती दोन वर्षे नको त्या गोळ्या घेत राहिली. पुढे तिच्या भावाने मोबाइलवर टिपलेली चित्रफीत पाहिल्यावर उलगडा झाला, की ती साधी मूर्च्छा होती. तोवर जुळत आलेले लग्न मोडले होते. आलेख वाचताना आपल्याला शंका आली होती, असे त्या सहकाऱ्याने नंतर सांगितले. परंतु कोणाला विचारावे हे त्याला ठाऊक नव्हते, आणि विचारल्यास अज्ञान उघडे पडेल ही भीतीही होती. हा दोष त्याच्या एकट्याचा नव्हे. त्याला सोबत न देणाऱ्या आम्हा ज्येष्ठांचा तो अधिक आहे.

हिंदू विवाह कायद्यातील अपस्मारासंबंधीची अट १९९९ साली वगळण्यात आली, पण घराघरांतील भीती अद्याप गेलेली नाही. म्हणून चुकीच्या निदानाचे मोल औषधाच्या किमतीहून कितीतरी जास्त असते.

या क्षेत्रातील प्रगती माणसे एकत्र आल्यानेच झाली आहे. अपस्मारविरोधी आंतरराष्ट्रीय लीग १९०९ साली बुडापेस्ट येथे स्थापन झाली. आपल्या देशात इंडियन एपिलेप्सी असोसिएशन १९७० साली उभी राहिली. तिरुअनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत १९९५ साली अपस्मारावरील शस्त्रक्रियेचा कार्यक्रम सुरू झाला, तोही अनेक शाखांच्या तज्ज्ञांनी एकत्र बसून रुग्णाचा विचार केल्यामुळे. आता आंतरराष्ट्रीय लीगने तरुणांसाठी स्वतंत्र विभाग काढला आहे. २०२२ साली जागतिक आरोग्य सभेने स्वीकारलेल्या कृती आराखड्यानुसार २०३१ पर्यंत ८० टक्के रुग्णांना परवडणारी व सुरक्षित औषधे मिळावयाची आहेत. हे उद्दिष्ट गाठण्याचा भार आज तिशीत असलेल्यांवरच पडणार आहे.

म्हणून येत्या वर्षात दरमहा एका सायंकाळी येथे बैठक भरविण्याचा आमचा संकल्प आहे. तीत मेडिकल, मेयो, एम्स, सेवाग्राम तसेच तालुक्याच्या रुग्णालयांतील तरुणांना आम्ही निमंत्रण देऊ. प्रत्येकाने आपल्याला न उलगडलेला एक आलेख किंवा एक रुग्णवृत्तांत, नाव झाकून, सोबत आणावा. तंत्रज्ञ व परिचारिका डॉक्टरांच्याच रांगेत बसतील. ज्येष्ठांनी आधी आपल्या चुका सांगाव्यात, मग तरुणांच्या ऐकाव्यात. गोळ्या मध्येच कोण सोडतो व का सोडतो, याची नोंद सर्वांनी मिळून ठेवली, तर विदर्भाच्या उपयोगाचे संशोधनही त्यातूनच उभे राहील.

देणगीदारांना आमची विनंती आहे, की दूरच्या तरुणांचा प्रवासखर्च व मुक्काम आपण उचलावा. या कामावर कोणाच्या नावाची कोनशिला बसविता येणार नाही, हे आम्ही प्रांजळपणे सांगतो. रुग्णांच्या कुटुंबीयांनी झटक्याची चित्रफीत जरूर आणावी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध थांबवू नये, आणि आमच्या बैठकीत येऊन आपले अनुभवही सांगावेत. घरी काय घडते ते आम्हाला आपणच शिकवू शकता.

ती विद्यार्थिनी आज गोळ्यांविना शिकते आहे. शंका आल्यावर संकोच न करता विचारता येईल अशी जागा आमच्या तरुणांना मिळाली, तर पुढच्या मुलीची दोन वर्षे वाचतील.