दोन कार्डे आणि एक तार

इंटरनेटची एकच जोडणी घरातील अनेक संगणकांत वाटून देणाऱ्या यंत्रास राउटर म्हणतात. आज ही पेटी बाजारात तयार मिळते. १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात मात्र ती महाग होती. हौशी मंडळी अडगळीतला ३८६ किंवा ४८६ जातीचा संगणक बाहेर काढीत, त्यात दोन नेटवर्क कार्डे बसवीत आणि लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली चढवून घरीच राउटर सिद्ध करीत. एक कार्ड रस्त्याकडे, दुसरे घराकडे, अशी ही योजना. लिनक्स राउटर प्रोजेक्टने तर हे सारे १.४४ मेगाबाइटांच्या एका फ्लॉपीवर बसविले होते. परंतु एकेकटी बिनतक्रार चालणारी कार्डे एकत्र आली की पुष्कळदा दोन्ही मुकी होत, आणि मोडीत निघालेल्या संगणकास पुन्हा कामी लावण्याचा सारा बेत तेथेच अडे.

या भांडणाचे मूळ १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकात आहे. कार्डाजवळ माहिती येऊन पोहोचली म्हणजे ते प्रोसेसरला हाक मारते. ही हाक ज्या तारेवरून जाते ती इंटरप्टची तार. त्या पहिल्या संगणकात अशा ८ तारा होत्या. १९८४ च्या एटी नमुन्यात आणखी ८ आल्या, पण दोन नियंत्रक एकमेकांस जोडण्यात एक खर्ची पडून १५ उरल्या. त्यांतली ० घड्याळाने, १ कीबोर्डाने, ६ फ्लॉपीने, १४ हार्ड डिस्कने आधीच बळकावलेली. ३ आणि ४ सिरियल पोर्टांच्या, ७ प्रिंटरची. शिवाय जुन्या आयएसए बसची रीत अशी की, तारेवरचा दाब खालून वर चढेल त्या क्षणालाच हाक समजावयाचे. एका कार्डाने दाब वर धरून ठेवलेला असता दुसऱ्याची हाक चढणार कोठून?

त्यातून एनई २००० धर्तीची स्वस्त कार्डे कारखान्यातून बहुधा ३ क्रमांकाची तार आणि सोळामान पद्धतीतील ३०० हा पोर्ट-पत्ता घेऊनच निघत. तेव्हा एकाच दुकानातून दोन कार्डे आणली, की त्यांचे वैर वाटेतच ठरलेले असे.

वैराचा प्रकार लक्षणांवरून ओळखता येतो. पोर्ट-पत्ता एकच असेल, तर दोन्ही कार्डे एकदम उत्तर देतात आणि यंत्रास एकही धड सापडत नाही. क्वचित यंत्र गोठूनही जाते. तारेचा घोटाळा असेल, तर कार्ड सापडते, त्याचा हार्डवेअर-पत्ताही पडद्यावर उमटतो, पण निरोप जात-येत नाहीत, किंवा कित्येक सेकंद रखडत येतात. अशा वेळी मनुष्य निरपराध केबल बदलीत बसतो.

उपाय धीराचा आहे. एका वेळी एकच कार्ड बसवून, डॉसवर निर्मात्याचा सेटअप प्रोग्राम चालवून, किंवा फारच जुने कार्ड असल्यास त्यावरचे जम्पर हलवून, पहिल्यास ३०० हा पत्ता व ५ ही तार, दुसऱ्यास ३४० व १० असे नेमून द्यावयाचे. १० क्रमांकाची तार स्लॉटाच्या पुढच्या जादा भागात असते. ८ बिटांच्या आखूड कार्डास ती लाभत नाही. ३६० हा पत्ता मोकळा दिसतो, पण तो फसवा आहे. एनई २००० कार्ड सलग ३२ पोर्ट व्यापते. म्हणजे ३६० पासून थेट ३७एफपर्यंत, आणि प्रिंटरचा ३७८ नेमका त्या पोटात! कार्डातील प्लग-अँड-प्ले बंद करून, वापरलेल्या तारा बायॉसमध्ये आयएसएसाठी राखून ठेवणेही आवश्यक असे.

एवढे करूनही लिनक्स पहिले कार्ड सापडताच शोध थांबवी. हा आळस नव्हे, सावधगिरी होती. कार्ड शोधावयाचे म्हणजे अनोळखी पोर्टांवर टकटक करावयाची, आणि त्या टकटकीने भलतेच उपकरण बिथरण्याची भीती. म्हणून दोन्ही कार्डांचे पत्ते व तारा सुरुवातीच्या आज्ञेतच लिहून द्याव्या लागत. मग प्रॉक निर्देशिकेतील इंटरप्टांची यादी पाहावयाची. घरातून निरोप पाठविताच दोन्ही कार्डांपुढचे आकडे वाढू लागले, की तंटा मिटला.

पीसीआय बसवर हाक दाबाच्या पातळीवरून ठरते. त्यामुळे दोन कार्डांस एक तार वाटून घेता येते. तेथे वाद उरला तो नावांचा. कार्ड बदलले की कालचे ईथ-शून्य आज ईथ-एक व्हावयाचे, आणि रस्त्यासाठी रचलेला पहारा घराच्या बाजूस लागून रस्त्याचे दार सताड उघडे राहावयाचे. २०१३ पासून सिस्टमडीने कार्डास त्याच्या जागेवरून नाव देण्याची पद्धत आणली. तरीही नव्या पेटीत आधी एकच केबल लावून कोणत्या कार्डाचा दिवा लागतो हे पाहणे, आणि ‘घर’ व ‘रस्ता’ अशा दोन चिठ्ठ्या पेटीच्या पाठीवर डकविणे, हे पाच मिनिटांचे काम आहे.