मुक्या जिवाला पहिली मदत
(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



तहानेल्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून आपल्या चामडी मोज्यात पाणी भरून आणणाऱ्या माणसाची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. अल्लाहने त्याची ही नेकी कबूल केली. त्याच्या अंगी दया होती, तशीच पाणी वर आणण्याची युक्तीही होती. दयेला माहितीची जोड हवी, एवढेच मला आज सांगायचे आहे.

समजा, शाळेच्या फाटकापाशी कुत्र्याचे पिल्लू वाहनाखाली सापडले. मुले जमतात. एकजण त्याला झटकन उचलतो, दुसरा तोंडात पाणी ओततो. हेतू चांगला, पण दोन्ही गोष्टी चुकीच्या! वेदनेने कळवळणारे पिल्लू प्रेमाच्या हातालाही चावते. म्हणून मुलांनी आधी मोठ्या माणसाला हाक मारावी. त्याने जाड टॉवेल टाकून पिल्लू धरावे. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडका ५ मिनिटे सलग दाबून धरावा, उचलून पाहू नये. फडका भिजल्यास त्यावरच दुसरा ठेवावा. मग फळीवर अलगद सरकवून जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावे. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नये, पाणी श्वासनलिकेत जाते. घरातील पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन मुळीच देऊ नये, ती कुत्र्याला विषासारखी बाधतात.

पिल्लू उन्हाने धापा टाकत कोसळले असेल तर सावलीत न्या, अंगावर गार पाणी घाला, वारा घाला आणि लगेच दवाखाना गाठा. उलट्या व रक्ताची हगवण दिसली तर तो पार्व्हो असू शकतो, उद्याची वाट पाहू नका.

लाळ लागेल म्हणून आपण मागे सरतो. पण लाळ धुण्याची रीत शरीयतने सांगितलीच आहे. शाफई घरांत सात वेळा, त्यांतील एकदा मातीने, धुतात. धुता येते ते धुवावे, गेलेला जीव मात्र परत येत नाही.

पिल्लू चावले किंवा ओरखडले तर लपवू नका. जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन लस सुरू करा. रेबीज पिल्लापासूनही होतो आणि लक्षणे दिसू लागल्यावर माणूस बहुधा वाचत नाही.

एक टॉवेल, एक फळी, साबण आणि जनावरांच्या दवाखान्याचा फोन क्रमांक एवढे प्रत्येक शाळेत असावे, ही माझी विनंती. खुदा हाफिज.